थंडीत भूक वाढते, मग पोट का फुगतं?

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. पहाटे पाषाण, एनडीएच्या बाजूला पारा दहा अंशांच्या खाली, आणि दुपारी दीडला लक्ष्मी रस्त्यावर स्वेटर काढून हातावर टाकायची वेळ. याच दिवसांत घरोघरी एक तक्रार सुरू होते. पोट साफ होत नाही, संध्याकाळपर्यंत तट्ट फुगतं, ढेकरांवर ढेकर येतात, आणि तरीही पानावर बसलं की भूक सपाटून लागलेली असते. त्यावर ठरलेलं उत्तरही मिळतं: ‘थंडी आहे ना, पचन मंदावतं.’

आयुर्वेदाचं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. थंडीत पचनशक्ती चांगली दणकट असते, असं चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय सांगतो. हा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे कोणत्या ऋतूत कसं खावं-वागावं याचा. त्यात थंडीचे दोन ऋतू येतात, मार्गशीर्ष-पौषातला हेमंत आणि माघ-फाल्गुनातला शिशिर. आपल्या कॅलेंडरवर साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्च. बाहेरच्या गार वाऱ्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, ती आत कोंडली जाते आणि जठराग्नी प्रखर होतो. एरवी न झेपणारं जड अन्न, तेही जास्त प्रमाणात, या दिवसांत पचतं, असा हा युक्तिवाद. डिंकाचे लाडू, उडदाचं घुटं, बाजरीची भाकरी ही सगळी मंडळी थंडीतच का हजर होतात, त्याचं उत्तर इथे आहे.

पण लगेच पुढच्या श्लोकात एक अट आहे, आणि आपला सगळा घोळ त्या अटीत आहे. या प्रखर अग्नीला जोगं इंधन मिळालं नाही, तर तो शरीरातल्या रसधातूलाच, म्हणजे अन्नापासून तयार होणाऱ्या पोषक रसालाच, जाळू लागतो, आणि मुळात गार असलेला वायू गारठ्यात आणखी बिघडतो. म्हणजे थंडीतलं पोटाचं दुखणं बहुतेक वेळा अग्नी विझल्यामुळे नसतं. अग्नी पेटलेला असतो, त्याला वेळेवर आणि योग्य ते मिळत नाही, आणि मधल्या मध्ये वायू माजतो. औषध शोधायला निघण्याआधी एवढं नीट ध्यानात घेतलं, तर निम्मी चूर्णं दुकानातच राहतील.

हा वायू, म्हणजे वात, नेमकं काय करतो? घास गिळणं, आतड्यांनी अन्न पुढे ढकलणं, मल बाहेर टाकणं, अशी शरीरातली प्रत्येक हालचाल आयुर्वेदात वाताच्या खात्यावर मांडली जाते. त्याचे गुण सांगितलेत ते कोरडा, हलका, गार, खरखरीत, चंचल. आता डिसेंबरमधलं स्वतःचं अंग बघा. ओठ फुटलेले, टाचांना भेगा, नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ. जो कोरडेपणा बाहेर दिसतो तोच आत पक्वाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भागात, चाललेला असतो असं वैद्य मानतात, कारण वाताचं मुख्य ठाणं ते. मग मल खडेखडे होतो, वायू कोंडतो, पोटात गुडगुडतं. भुकेचाही नेम राहत नाही. काल दोन भाकऱ्या सहज जिरल्या आणि आज वाटीभर भातही अंगावर आला, अशा लहरी अग्नीला विषमाग्नी म्हणतात. मंदाग्नीचं चित्र वेगळं असतं. त्यात भूकच मेलेली, जिभेवर पांढरट थर, अंग जड. थंडीत बरेच जण विषमाग्नीलाच मंदाग्नी समजतात आणि ‘पोटाला आराम’ म्हणून लंघन करतात. त्याने वात आणखी खवळतो.

आधुनिक शरीरशास्त्रात वाताच्या जागी बसेल असा एखादा अवयव किंवा स्राव नाही, आणि तो ओढूनताणून बसवूही नये. निरीक्षणं मात्र जुळतात. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी कमी जातं. गारठ्यात लघवीला जास्त वेळा जावं लागतं. मोठ्या आतड्याचं कामच मलातलं पाणी शोषून घेण्याचं, त्यामुळे मल जितका वेळ तिथे रेंगाळेल तितका वाळत जातो. त्यात सकाळचं फिरणं पांघरुणामुळे बुडतं. एवढं सगळं जमून आल्यावर बद्धकोष्ठ झालं नाही तरच नवल.

चरकानंतरचा आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने हेमंताबद्दल एक फार व्यवहारी गोष्ट नोंदवली आहे. रात्री मोठ्या असतात, म्हणून माणसाला सकाळी उठल्या उठल्याच भूक लागते. डिसेंबरअखेरीस पुण्यात रात्र सुमारे १३ तासांची असते, तेव्हा हे आजही तंतोतंत लागू आहे. आणि आपण त्या भुकेला काय देतो? हिंजवडीची बस चुकू नये म्हणून उभ्या उभ्या चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एकला डब्यातली निवलेली पोळी-भाजी. पाचला पुन्हा चहा, सोबत भडंग नाहीतर चिवडा. रात्री साडेनऊनंतर मात्र भरपेट जेवण, आणि लग्नाचं आमंत्रण असेल तर स्वागतसमारंभात आइस्क्रीमही. दिवसभरातला बहुतेक माल कोरडा, गार आणि अवेळी. वात खूश व्हायला याहून काय हवं?

यात १ जानेवारीच्या संकल्पाची भर पडते. भात बंद, तूप बंद, रात्री फक्त सॅलड. हेमंतात काय टाळावं हे सांगताना चरकाने वातूळ, म्हणजे वात वाढवणारं, आणि हलकं अन्न, अंगावर येणारा झोंबरा वारा आणि अपुरा आहार ही नावं घेतली आहेत. वजन कमी करायला माझा विरोध नाही, पण पोट बारीक करायचा कार्यक्रम भर पौषात सुरू करणं हे ऋतुचर्येच्या हिशेबाने मुहूर्त चुकल्यासारखंच आहे. तळजाईवर किंवा सारसबागेबाहेर सकाळी सकाळी मिळणाऱ्या गार, कच्च्या रसांचंही तेच. दुधीच्या रसाबाबत तर आणखी एक धोका आहे. दुधी चवीला कडू लागला तर तो रस लगेच थुंकून टाकावा, कारण कडू दुधीतलं द्रव्य खरोखर विषारी असतं आणि त्याने जिवावर बेतू शकतं. कारल्याच्या रसात मिसळून घेतला तर हा कडूपणा कळतच नाही.

आता उपायांकडे येऊ. पहिला उपाय स्वयंपाकघरातच आहे आणि तो भोगीच्या पानात सगळ्यात स्पष्ट दिसतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं हे जेवण. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण पोरासोरांनाही पाठ असते, पण ताटाची जुळणी क्वचितच कोणी निरखून पाहतं. बाजरी उष्ण आहे, पण फार रूक्ष. नुसती खाल्ली तर घसा आणि पोट दोन्ही कोरडं पाडते. म्हणून भाकरी थापताना वरून तीळ दाबायचे आणि तव्यावरून उतरली की लोण्याचा गोळा ठेवायचा. दोन्ही स्निग्ध, आणि तिळाइतकं वातावर चालणारं तेलबी दुसरं नाही. शेजारची लेकुरवाळी भाजी पाहा: वांगं, गाजर, पावट्याचे दाणे, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे. यातले पावटा आणि हरभरा वायू धरणारे. त्यांच्यातल्या रॅफिनोजसारख्या शर्करा फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं, त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारून वायू सोडतात. म्हणूनच या भाजीच्या फोडणीत हिंग-ओव्याला कंजुषी करायची नाही, तिळकूट भरपूर घालायचं आणि ती गरमच वाढायची. जोखमीचा माल आणि त्याचा उतारा एकाच कढईत शिजतो.

हीच जुळणी रोज साध्या रूपात करता येते. नाश्ता सकाळी आठच्या आत, आणि गरम. तूप सोडलेला मऊ भात, उपमा, भाकरी-दूध, तांदळाची उकड, काहीही. पोह्यांबद्दल थोडं जपून, कारण पोहे हे आयुर्वेदाच्या मते पचायला जड आहेत आणि चरक ते थोडेच खावेत असं सांगतो. पुण्यात हे वाक्य धाडसाचं आहे याची मला कल्पना आहे. खायचेच तर चांगले भिजवलेले, ओलं खोबरं आणि लिंबू घेऊन, वाटीभरच. वरून शेव टाकली की ते पुन्हा कोरड्यात जमा.

तहान नसली तरी दिवसभर घोट घोट गरम पाणी घेत राहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चटका बसेल इतकं कढत नको, कोमटाच्या थोडं वर. त्यात मध मात्र ढवळू नये. सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेणारे निम्मे पुणेकर हे आयुर्वेदाच्या नावाने करतात, आणि मध उष्ण करून किंवा उष्ण पदार्थाबरोबर घेऊ नये असं तर संहिताच सांगतात.

जेवणाआधी आल्याचा नखाएवढा तुकडा आणि त्यावर सैंधवाचे चार कण. भोजनाच्या सुरुवातीला मीठ-आलं हे पथ्यकर, असं जुनं वचन आहे, आणि आल्यामुळे जठर लवकर रिकामं व्हायला मदत होते असं अलीकडच्या काही चाचण्यांतही दिसलं आहे. पोट फुगण्याचा त्रास ठळक असेल तर हिंग्वाष्टक. नावाप्रमाणे आठ द्रव्यं: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि तुपात परतलेला हिंग. हे चूर्ण लोक जेवणानंतर पाण्याबरोबर फाकतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. त्याची रीत वेगळी आहे. गरम भाताची लहानशी मूद वाढून घ्यायची, तिच्यावर चमचाभर पातळ तूप, त्यावर पाव चमचा हिंग्वाष्टक, नीट कालवायचं आणि जेवणाचा पहिला घास तो घ्यायचा. तुपाने कोरडेपणा जातो, चूर्णाने वायू सरतो आणि पुढच्या जेवणाला वाट मोकळी होते.

हिंगाबद्दल जाता जाता. तो आपल्याकडे पिकत नाही. अफगाणिस्तान, इराण या बाजूला उगवणाऱ्या झाडाच्या मुळाला चीर देऊन निघणारा तो चीक. भारतात लागवडीचा प्रयत्न हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आपल्या डबीत असतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे शुद्ध हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला. त्यामुळे गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी डबीवरची घटकांची यादी जरूर वाचावी. घरी औषधाला वापरायचा तर खडा हिंग आणून तुपात फुलवावा. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती कोमट पाण्यातला हिंग लावायची आजीची पद्धत ठीक आहे, पण पोटात द्यायचा नाही.

बद्धकोष्ठासाठी थंडीतलं खास औषध हिरडा. तो सहा ऋतूंत सहा वेगवेगळ्या जोड्यांनी घ्यायला सांगितलाय: वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. म्हणजे सध्या सुंठ आणि संक्रांतीनंतर काही दिवसांनी पिंपळी. रात्री पाव चमचा हिरडा चूर्ण, चिमूटभर सुंठ आणि कोमट पाणी, बस. पण गरोदर बाई, फार कृश किंवा आजारातून उठलेला माणूस यांनी हिरडा स्वतःच्या मनाने घेऊ नये. ज्याला औषधच नको त्याने रात्री चमचाभर तूप घेऊन वर गरम पाणी प्यावं. तुपावर उष्णोदक, म्हणजे गरम पाणी, हे चरकाने सांगितलेलं अनुपान, म्हणजे वरून प्यायचं पेय, आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तुपाचा हिशेब आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दुकानातल्या तयार चूर्णांची गोष्ट निराळी. मंडईच्या आसपास काष्ठौषधीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तर हा संवाद हमखास कानावर पडतो.

‘काका, पोट साफ व्हायला काहीतरी द्या.’

‘साधं देऊ की सोनामुखीचं?’

‘जे उद्या सकाळी काम करेल ते द्या.’

‘मग सोनामुखीचं न्या. पण रोज घेऊ नका हो.’

शेवटचं वाक्य पिशवीत पडत नाही. सोनामुखी आतड्याला डिवचून हालचाल करवते. अडीअडचणीला ती चालते, पण महिनोन्‌महिने घेतली तर तिच्याशिवाय पोट हलायला तयार होत नाही अशी अवस्था येते, आणि वाताच्या भाषेत सांगायचं तर असं वारंवार रेचन करणं म्हणजे कोरड्याला आणखी कोरडं करणं. ‘पूर्ण नैसर्गिक’ लिहिलेल्या बऱ्याच पोटसाफ चूर्णांत मुख्य घटक हीच असते. डबी उलटी करून घटक वाचायला मिनिटही लागत नाही. घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसलेल्या सुट्या पुड्या तर घेऊच नयेत.

दही-ताकाबद्दल घरोघरी वाद असतात. ‘थंडीत दही नको’ हे आपलं पाठांतर. ग्रंथ मात्र दही निषिद्ध मानतात ते मुख्यतः शरद, ग्रीष्म आणि वसंतात. थंडीत दुपारच्या जेवणात ते चालतं, फक्त रात्री नाही. ताजं, साय काढलेलं ताक तर थंडीसाठी आवर्जून सांगितलेलं, सुंठ-जिरं-सैंधव घालून. अर्थात फ्रिजमधून काढून सरळ नाही. ज्याला सर्दी-कफाचा कायमचा त्रास आहे त्याने या परवानगीचा फायदा घेऊ नये.

एक उपाय कोणत्याच दुकानात मिळत नाही. मल, मूत्र, वायू, भूक, तहान, झोप असे १३ वेग अडवू नयेत असं आयुर्वेद सांगतो. यातला पहिला वेग आपण सकाळी सहाला गार फरशीवर पाय ठेवायच्या कंटाळ्याने अडवतो, आणि नंतर बसमध्ये, मीटिंगमध्ये तो अडलेलाच राहतो. खाणं पोटात गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं आणि ही हालचाल सकाळी सगळ्यात जोरकस असते. तेव्हा गरम पाणी, नाश्ता आणि त्यानंतर घाई न करता दहा मिनिटं शौचालयात, एवढी जागा दिवसात करून द्यावी लागते. गजर वीस मिनिटं अलीकडे लावला की भागतं.

पोटाला बाहेरून ऊब देण्याने कळ उतरते. कोमट तिळाचं तेल बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने जिरवायचं, मोठ्या आतड्याची वाटही तीच, आणि वर गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी. जेवल्यावर लगेच नाही.

हे सगळं वाताच्या त्रासासाठी झालं. ज्याला छातीत जळजळ आहे, आंबट पाणी घशाशी येतं, त्याची जातकुळी पित्ताची. त्याने सुंठ, मिरी, हिंग्वाष्टक यांच्या नादी लागलं तर आगीत तेल. त्याला वेळेवर जेवण, तूप, मनुका आणि रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, हे जास्त लागू पडेल. रक्तदाबवाल्यांनी चूर्णातल्या सैंधवाचा आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आलं-हिंगाचा जादा डोस टाळावा. आणि आपली प्रकृती कोणती, कोठा मृदू (पोट सहज साफ होणारा) की क्रूर (सहज साफ न होणारा), हे मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेतून ठरत नाही. पुण्यात तर ते विचारायला लांब जायची गरजच नाही. १९३३ पासूनचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि ताराचंद रामनाथ आयुर्वेद रुग्णालय रास्ता पेठेतच आहेत.

काही लक्षणं मात्र घरच्या उपायांची नाहीत. शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, कारण नसताना घटणारं वजन, गिळायला त्रास, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल, यांत चूर्णावर दिवस घालवू नयेत. पोट फुगून घट्ट झालंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, तर थेट रुग्णालय गाठायचं. आणि थंडीच्या पहाटे छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर ‘गॅस झालाय, ओवा खा’ म्हणत बसू नये. हृदयविकाराचे झटके थंडीत वाढतात आणि गॅसच्या नावाखाली मोलाचा तास निघून जातो. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

राहिला प्रश्न हे किती दिवस चालवायचं. होळीच्या सुमाराला ऊन चढू लागलं की हिशेब फिरतो. थंडीत साठलेला कफ पातळ होऊ लागतो आणि अग्नी खरोखरच मंद होतो. तेव्हा उरलेले डिंकाचे लाडू ‘वाया जायला नकोत’ म्हणून संपवणं पोटावर येतं. मात्र सवय एका दिवसात तोडायची नाही. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, हा ऋतुसंधी. त्या पंधरवड्यात तूप-तीळ-उडीद थोडं थोडं कमी करत जायचं आणि ज्वारीची भाकरी, मुगाचं कढण, भाजलेलं धान्य हळूहळू पानात आणायचं. पिंपळीबरोबरचा हिरडाही तेव्हा मधाबरोबर घ्यायचा, आणि अर्थात पाणी गरम नसताना.